आठवीचा अर्ज आणि घरातील सही
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या न्यासाची पन्नास वर्षे म्हणजे दोन पिढ्यांचा जमाखर्च. या काळात आपल्या समाजाने शिक्षणासाठी हात आखडता घेतला नाही. वह्यांचे वाटप झाले, गणवेश दिले गेले, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार झाले, उच्च शिक्षणासाठी साहाय्य मिळाले. हे सारे भूषणावह आहे. परंतु या खतावणीत एक पान कोरे राहिलेले दिसते. सत्कार दहावीनंतर होतो, मदत बारावीनंतर मिळते. मुलाच्या आयुष्याची दिशा मात्र अनेकदा त्याआधीच, सातवीचा निकाल लागून आठवीचा प्रवेश होईपर्यंतच्या थोड्या दिवसांत ठरून जाते. त्या दिवसांत घरात काय बोलले जाते, कोणता अर्ज भरला जातो आणि कोणता भरला जात नाही, याकडे समाजाचे लक्ष जात नाही. आजचा विषय हाच आहे : तांत्रिक विद्यालयाचा प्रवेशअर्ज.

विषय लहान वाटेल. तो लहान का नाही, हे एका घराच्या हकिकतीवरून ध्यानात येईल. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही.

महामार्गावरील एका बाजारपेठेच्या गावात एक कापडाचे दुकान होते. १९७३ चा उन्हाळा. १९७२ च्या दुष्काळाने बाजार पार बसलेला. शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर जात होता. थान उलगडून दाखवावे असे गिऱ्हाईक आठवड्यातून एखादे येई. त्या घरातील तेरा वर्षांचा नातू सातवी उत्तीर्ण झाला होता. दुकानाच्या ओट्यावर शिवणकाम करणाऱ्या शिंपीकाकांचे बंद पडलेले मशीन त्याने उघडून, पुसून, तेल घालून पुन्हा चालते केले होते. वर्गशिक्षकांनी ते पाहिले आणि जिल्ह्याच्या गावच्या तांत्रिक विद्यालयाचा छापील अर्ज त्याच्या हाती दिला. मुलाने तो स्वतःच्या अक्षरात भरला आणि गादीवर बसलेल्या आजोबांसमोर ठेवला.

“दादाजी, इथे पालकांची सही पाहिजे.”

दादाजींनी चष्मा लावून अर्ज पूर्ण वाचला. “आपण कापड मोजणारी माणसं,” ते शांतपणे म्हणाले. “लोखंड घासायला शाळा कशाला? आणि तू नगरला गेलास, तर इथे गज कोण धरणार?”

यात निर्दयता नव्हती. मंदीच्या वर्षात घरातील एक हात बाहेर जाऊ नये, मुलाच्या जेवणाखाणाची, आचारधर्माची आबाळ होऊ नये, एवढीच काळजी होती. वडील दोघांच्या मध्ये उभे होते. ते काही बोलले नाहीत. अर्ज घडी घालून वहीत ठेवला गेला. नाही असे कोणी म्हटले नाही. फक्त मुदत संपली.

मुलगा पुढे बी.कॉम. झाला, गादीवर बसला, संसार नेकीने केला. तक्रार करावी असे काही घडले नाही. अनेक वर्षांनी दुकानाची फर्निचरसकट दुरुस्ती निघाली, तेव्हा जुन्या लाल वह्यांच्या गठ्ठ्यात तो अर्ज सापडला. विद्यार्थ्याचे नाव ठसठशीत बालबोध अक्षरात होते. पालकाच्या सहीची जागा कोरी होती.

या हकिकतीत कोणी अपराधी नाही, आणि तीच तिची खरी वेदना आहे. मुलाच्या हातातील कौशल्य कोणी नाकारले नव्हते. त्याची नोंदच झाली नाही. आपल्या समाजातील किती घरांत असे अर्ज वह्यांत राहिले असतील, याचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाला लावता येणार नाही.

आता हे तांत्रिक विद्यालय म्हणजे नेमके काय, ते पाहू. हाताने काम करीत शिकण्याची परंपरा नगर जिल्ह्याला नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनने नगर शहरात औद्योगिक शिक्षण सुरू केले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच मिशनच्या चर्चिल नावाच्या अभियंत्याने नगरमध्ये सुधारित हातमाग तयार केला होता. कापडाच्या व्यापाऱ्यांनी तरी हे स्मरणात ठेवावयास हवे. धागा आणि यंत्र यांचे नाते आपल्याच शहरात जुळलेले आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक स्तरावर तांत्रिक शिक्षणाचा आग्रह धरला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि शिक्षणाचे व्यावसायीकरण या कल्पना पुढे मांडल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात काढावेत, असे सुचविले आहे. सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन शिकणे हे आता देशाच्या धोरणात लिहिले गेले आहे.

महाराष्ट्रात शासकीय तांत्रिक विद्यालये व तांत्रिक विद्यालय केंद्रे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. केंद्राची रचना समजून घेण्याजोगी आहे. मुलाचे नाव आपल्या नेहमीच्या माध्यमिक शाळेतच असते. भाषा, गणित, विज्ञान तो तेथेच शिकतो. तांत्रिक विषयाच्या तासिकांसाठी मात्र तो केंद्राच्या कार्यशाळेत जातो. आठवी, नववी आणि दहावी अशी तीन वर्षे हा क्रम चालतो. जोडारीकाम, सुतारकाम, पत्र्याचे काम, विजेची जोडणी आणि यांत्रिक आरेखन यांची तोंडओळख होते. काळानुसार विषयांची नावे आणि अभ्यासक्रम बदलत गेले. गाभा तोच राहिला. कानशीने घासलेली लोखंडी पट्टी गुण्यात आहे की नाही हे पाहताना मुलाला काटकोन समजतो, आणि तो पुस्तकातील काटकोनाहून अधिक काळ लक्षात राहतो.

दहावीनंतरच्या वाटाही पालकांनी जाणून घ्याव्यात, कारण “हे शिकून मुलगा अडकेल” ही भीती सर्वत्र आढळते. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, प्रवेश घेता येतो. तेथील कारागीर प्रशिक्षणाची योजना देशात १९५० पासून चालू आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या पदविकेस दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचे दार उघडते. आणि ज्याला यांपैकी काहीच नको असेल, तो अकरावीला वाणिज्य शाखेत जाऊन बी.कॉम., सी.ए. होऊ शकतो. आठवीला तंत्रविषय घेतल्याने कोणतीही वाट बंद होत नाही, एक वाट वाढते.

आता प्रत्यक्ष अर्जाविषयी. येथे विद्वत्तेपेक्षा व्यवस्थितपणाची गरज आहे, आणि व्यापारी माणसाला व्यवस्थितपणा शिकवावा लागत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्याकडे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. ज्या घरी लग्नसराईची धावपळ आणि दुकानाचा हंगाम मेमध्ये एकत्र येतात, त्या घरी प्रवेशाची चौकशी मागे पडते. म्हणून मुलगा सातवीत असतानाच, दिवाळीनंतर, जवळचे केंद्र कोठे आहे, आपली शाळा त्याला संलग्न आहे काय आणि त्या वर्षी जागा किती, याची विचारणा मुख्याध्यापकांकडे आणि जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी कार्यालयाकडे करून ठेवावी. कार्यशाळेतील यंत्रे मोजकी असतात, म्हणून तुकडीतील जागाही मर्यादित असतात.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. सातवीचे गुणपत्रक, शाळेचा दाखला किंवा बोनाफाईड, आधारकार्ड, छायाचित्रे आणि सवलत हवी असल्यास तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला हे सामान्यपणे लागणारे कागद. यात आपल्या समाजाची एक खास अडचण आहे, तिच्याकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. अनेक घरांत एका कागदावर आडनाव ‘जैन’ असते, दुसऱ्यावर गोत्राचे. एकावर ‘बोरा’ तर दुसऱ्यावर ‘बोहरा’, एकावर ‘मुथा’ तर दुसऱ्यावर ‘मुथ्था’. धर्माच्या रकान्यात कोणी ‘हिंदू’, कोणी ‘हिंदू-जैन’, कोणी ‘मारवाडी’ असे लिहिलेले असते. वास्तविक मारवाडी हा काही धर्म नव्हे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यानंतर या रकान्याला निव्वळ अभिमानापलीकडचा अर्थ प्राप्त झाला आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. दाखला निघून गेल्यावर ती दुरुस्ती फार अवघड होते. दुकानाच्या वहीत एका पैशाचा फरक निघाला, तर जो रात्री दिवा विझवीत नाही, त्याने मुलाच्या दाखल्यातील अक्षराचा फरक वर्षानुवर्षे चालवून घेऊ नये.

तिसरी गोष्ट सहीची. अर्जावरील पालकाची सही हा वरकरणी उपचार आहे. प्रत्यक्षात सारा प्रश्न तेथेच अडतो. ती का होत नाही, याची कारणे उघडपणे बोलली पाहिजेत.

एक कारण धर्माच्या नावाने सांगितले जाते. श्रावकाच्या सातव्या व्रताच्या संदर्भात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत आणि प्रतिक्रमणात त्यांचा उच्चार होतो. त्यात भट्टीशी संबंधित इंगालकर्म आहे, घाण्याशी संबंधित यंत्रपीलन आहे. यावरून लोखंड, आग आणि यंत्र हे श्रावकाचे क्षेत्र नव्हे, असा समज रूढ झाला. या विचारामागील जीवदयेचा भाव वंदनीय आहे. परंतु त्याच यादीत भाडीकर्म आहे, म्हणजे वाहने भाड्याने चालविणे. रसवाणिज्य आहे, केशवाणिज्य आहे. ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आणि तेला-तुपाची पेढी चालविताना ज्या घरांत ही यादी आठवत नाही, त्या घरांत ती मुलाच्या अर्जाच्या वेळीच आठवावी, हे न्याय्य नव्हे. शिवाय कार्यशाळेतील विद्यार्थी भट्टीचा धंदा करीत नाही. तो मोजमाप, जोडणी आणि आरेखन शिकतो. ज्यांना शंका असेल त्यांनी चातुर्मासात विराजमान असलेल्या साधू-साध्वीजींना आदराने विचारावे. मनातल्या मनात नकार ठरवून तो धर्माच्या नावावर खर्ची टाकू नये.

धर्मपरंपरेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेव यांनी गृहस्थावस्थेत असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे लोकांना शिकविली, असे परंपरा सांगते. अन्न शिजविण्याची अडचण घेऊन लोक आले, तेव्हा त्यांनी हत्तीच्या गंडस्थळावर ओल्या मातीचे पात्र घडवून दाखविले, अशी कथा आहे. म्हणजे आपल्या परंपरेत पहिले शिल्प कुंभाराचे आहे आणि त्याचे पहिले गुरू प्रत्यक्ष तीर्थंकर आहेत. वाणिज्य आपण घट्ट धरले. शिल्प मात्र हळूहळू हातातून सुटले. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला गणित त्यांनीच शिकविले. कन्यांना कोणते शिक्षण द्यावे, या प्रश्नाचे उत्तर इतक्या प्राचीन काळी मिळालेले असताना आज तंत्रशाळेच्या अर्जाचा विचार घरातील मुलीसाठी होऊ नये, याला कोणताही आधार नाही.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. “हात काळे करणारे शिक्षण कमी गुणांच्या मुलांसाठी” हे वाक्य आपल्या बैठकांत ऐकू येते. या वाक्याला उत्तर देणारी माणसे आपल्याच समाजात होऊन गेली. सोलापूरच्या व्यापारी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना उभारण्यास प्रारंभ केला, विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला आणि १९४४ मध्ये मोटारींचा कारखाना स्थापन केला. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याआधी त्यांनी किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली होती. पुढे श्रम आणि शिक्षण यांची गाठ घालणारी ‘कमवा व शिका’ योजना त्यांनी रुजविली. आणि नगरचे फिरोदिया घराणे तर आपल्या डोळ्यांसमोरचे. कुंदनमल फिरोदिया हे वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि मुंबई विधानसभेचे सभापती. त्यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांचे नाव भारतातील ऑटोरिक्षाच्या जन्माशी जोडलेले आहे. सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाचे कष्ट थांबावेत हा विचार त्यामागे होता, असे सांगितले जाते. दुसरे पुत्र हस्तीमल फिरोदिया यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी कायनेटिक इंजिनिअरिंगची स्थापना केली आणि लुना घराघरांत पोहोचली.

तारखा जुळवून पाहाव्यात. ज्या सुमारास नगरमध्ये लुना तयार होऊ लागली होती, त्याच सुमारास एका कापड दुकानातील अर्ज वहीत घडी घालून ठेवला गेला. अंतर फक्त तासाभराच्या प्रवासाचे होते.

ऑटोरिक्षाच्या उदाहरणातून आणखी एक बोध घेता येतो. यंत्र म्हणजे हिंसा असे सरसकट म्हणता येत नाही. ओझे ओढणाऱ्या माणसाची आणि जनावराची पीडा यंत्रानेच कमी केली आहे. अहिंसेचा संस्कार घेतलेला तरुण यंत्राकडे वळला, तर कमी वीज घेणारा पंप, कमी पाणी लागणारे ठिबक, बैलाच्या मानेवरचा भार हलका करणारे अवजार यांचा विचार तो अधिक आस्थेने करील.

तिसरे कारण दुकानाचे. “गादी कोण सांभाळणार?” हा प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु गादीचे स्वरूपही बदलले. तयार कपड्यांनी थानाची जागा घेतली, मोठ्या दुकानांनी गिऱ्हाईक शहराकडे ओढले आणि आता मोबाईलवर मागविलेले कापड कुरिअरने गावात येते. घोडेगावच्या बाजाराकडे पाहावे. जनावरांच्या बाजाराने आणि कांद्याच्या व्यवहाराने हे गाव ओळखले जाते; शिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांची ये-जा येथूनच होते. या साऱ्यासाठी वजनकाटे, विद्युतपंप, ट्रॅक्टर, शीतपेट्या, कॅमेरे, सौरपटल लागतात. ते विकणारा दुकानदार गावात आहे; ते दुरुस्त करणारा पुष्कळदा नगरहून बोलवावा लागतो. ज्याला विकणेही येते आणि उघडून पाहणेही येते, त्याची गादी डगमगत नाही. दुकान आणि कार्यशाळा यांत वैर नाही. उलट कार्यशाळेने दुकानाला आधार मिळतो.

जेथे तांत्रिक विद्यालय जवळ नाही, तेथेही मार्ग आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील वरिष्ठ पद सोडून ते त्या दुष्काळी गावात येऊन राहिले. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करावे आणि त्यातून गावाला उपयोगी सेवा द्यावी, अशी ही पद्धत आहे. ती पुढे राज्यातील अनेक ग्रामीण शाळांनी स्वीकारली. गावच्या शाळेत अशी सोय करण्यास एक खोली, काही अवजारे आणि जाणकार कारागीर पुरेसे असतात. आणि दानशूर समाजाला एवढे जड नाही.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने चार कामे अंगावर घ्यावीत, अशी नम्र सूचना आहे. दरवर्षी डिसेंबरात सातवीच्या विद्यार्थ्यांची आणि पालकांची, विशेषतः आजी-आजोबांची, सभा घ्यावी आणि त्यांना जवळच्या कार्यशाळेत प्रत्यक्ष नेऊन आणावे. नाव, आडनाव आणि धर्माच्या नोंदी तपासण्यासाठी वर्षातून एक दिवस कागदपत्रांचे शिबिर भरवावे. शहरात राहून शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या निवासाची आणि शुद्ध आहाराची व्यवस्था पाहावी, म्हणजे आचारधर्माची काळजी हे नकाराचे कारण उरणार नाही. आणि सत्कार समारंभात गुणपत्रकाबरोबर हाताने केलेल्या वस्तूलाही स्थान द्यावे. व्यासपीठावर ज्याचा गौरव होतो, त्याला घरातही मान मिळतो.

यासाठी सर्वच मुलांना तंत्रशाळेत पाठविले पाहिजे, असा आग्रह नाही. ज्याची बुद्धी हिशेबात रमते, त्याने हिशेबच करावा. ज्या मुलाचे हात बोलतात, त्याचे बोलणे कोणीतरी ऐकावे, एवढेच मागणे आहे.

त्या हकिकतीतील दुकान आजही उभे आहे. जुना अर्ज तेथील तिजोरीत, पूजेच्या चोपड्यांशेजारी ठेवलेला आहे. त्या घरातील नात यंदा सातवीत शिकते. तिने घरातील बिघडलेले मिक्सर उघडले आणि पुन्हा चालू केले. पुढे कोणत्या वाटेने जायचे, ते तिने अजून ठरविलेले नाही. ते तिनेच ठरवावयाचे आहे. परंतु ती ज्या दिवशी अर्ज घेऊन गादीसमोर येईल, त्या दिवशी पेन शोधावे लागणार नाही, एवढी तयारी त्या घराने केली आहे.

ती तयारी प्रत्येक घराने करावी. या विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध किंवा कोणाचे मन दुखावणारे काही आले असल्यास अंतःकरणपूर्वक मिच्छा मि दुक्कडं.

जय जिनेंद्र.